लाल ‘कॉरोनेशन’ निळं करण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला दिसेल. वडील बोटीवर नोकरीला होते. साठच्या दशकात त्यांनी लिव्हरपूलच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून पितळी पत्र्याचं, हाताने घडवलेलं एक इंजिन आणलं. गोल गुळगुळीत नाक, लाल रंग, सोनेरी पट्टे, बाजूच्या पाटीवर ‘कॉरोनेशन’ आणि केबिनवर ६२२०. आता एका जाणकाराने पाहून सांगितलं की खरं कॉरोनेशन निळं होतं, रुपेरी पट्ट्यांचं, म्हणजे हे लाल प्रकरण कुणाची तरी हौस आहे. तर ते निळं करून घ्यावं का, आणि कुठल्या छटेत? शेवटी तुम्ही सहज म्हणून विचारलंय की जी इंजिनं आपण कधी पाहिलीच नाहीत त्यांच्यासाठी जीव का तुटतो.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नको. तुमचे जाणकार बरोबर आहेत आणि तरीही तुमचं इंजिन चुकीचं नाही. हे कसं, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

मी तीसेक वर्षं पुण्यात मॉडेल इंजिनं दुरुस्त करतो आणि रंगवतो. माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘याचा ओरिजिनल रंग कोणता?’ माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे: कुठल्या सालचा? इंजिन म्हणजे काही देवळातली मूर्ती नाही की एकदा शेंदूर लावला आणि तोच कायम. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याने चार-पाच रंग अंगावर घेतलेले असतात. साल ठरल्याशिवाय रंगाची डबी उघडायची नाही, हा माझ्या टेबलावरचा एकमेव नियम.

आता तुमच्या ६२२० ची गोष्ट. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, म्हणजे एलएमएस, या कंपनीने १९३७ साली लंडन ते ग्लासगो ‘कॉरोनेशन स्कॉट’ नावाची गाडी सुरू केली. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक, म्हणजे कॉरोनेशन, त्याच वर्षी झाला होता, त्यावरून नाव. साडेसहा तासांचा प्रवास. तिच्यासाठी कंपनीचे मुख्य अभियंते विल्यम स्टॅनियर यांच्या हाताखाली क्रू या गावच्या वर्कशॉपमध्ये पाच इंजिनं झाली, ६२२० ते ६२२४. ही पाचही निळी. नाकाच्या टोकावर रुपेरी पट्टे व्हीच्या आकारात जुळायचे आणि तिथून फाकून इंजिनाच्या कुशीवरून, टेंडरवरून (म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावरून), थेट मागच्या डब्यांवर जायचे. डबेही त्याच निळ्या रंगाचे. लांबून बघणाऱ्याला ती सगळी गाडी एकाच फटकाऱ्यात ओढलेली रेघ वाटावी, असा बेत होता. पुढच्या वर्षी आणखी पाच आली, ६२२५ ते ६२२९, आणि ती मात्र कंपनीच्या जुन्या किरमिजी रंगात, सोनेरी पट्ट्यांसह. त्यातलं शेवटचं ६२२९, ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’.

१९३९ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं. एलएमएसने तिकडे इंजिन पाठवायचं ठरवलं. नवं कोरं होतं हॅमिल्टन. पण नाव गाजलेलं होतं ‘कॉरोनेशन’चं. मग कंपनीने सरळ पाट्या बदलल्या. हॅमिल्टनच्या अंगावर ‘कॉरोनेशन ६२२०’ आलं आणि ते लाल इंजिन बोटीने अमेरिकेला गेलं. खरं निळं कॉरोनेशन इकडे हॅमिल्टनची पाटी लावून मुकाट धावत राहिलं. या कंपनीला ही खोड जुनीच: १९३३ साली ‘रॉयल स्कॉट’ म्हणून अमेरिकेला जे इंजिन पाठवलं तेही दुसरंच होतं, आणि त्या वेळी तर पाट्या परत बदलल्याच नाहीत. १९३९ मध्ये मात्र युद्ध सुरू झालं, आपलं लाल ‘कॉरोनेशन’ तिकडेच अडकलं, १९४२ मध्ये परत आलं, आणि १९४३ मध्ये दोघांना आपापली नावं मिळाली.

म्हणजे लाल रंगाचं, सोनेरी पट्ट्यांचं, ‘कॉरोनेशन’ पाटीचं इंजिन जगात खरोखर होतं. चार वर्षं होतं, आणि त्यातली तीन अमेरिकेत. तुमच्या मॉडेलवाल्याला हे ठाऊक असणार. नुसती हौस करणारा माणूस नाव आणि रंग इतका नेमका चुकवत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. वीस वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच लाल कॉरोनेशन घेऊन आले. तेव्हा माझी पुस्तकी विद्या ताजी होती. ‘काका, हे चुकलंय, निळं हवं,’ असं मी छाती फुगवून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. मी जुना रंग काढला, निळा चढवला, रुपेरी पट्टे मारले. काम देखणं झालं, हे अजूनही म्हणेन. त्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक बारकी पितळी घंटा आणि एक दिवा होता. इंग्लंडच्या इंजिनांना सहसा घंटा नसते. कुण्या पोराने खेळण्यातली आणून डकवली असेल म्हणून मी ती उपटली, भोकं पुटीने बुजवली. दिवा काढताना तुटला. घंटा ड्रॉवरमध्ये टाकली. पुढे काही वर्षांनी अमेरिकेतल्या दौऱ्याचा फोटो पाहण्यात आला. तिकडच्या नियमांप्रमाणे त्या इंजिनाला मोठा दिवा आणि घंटा बसवली होती. फोटोकडे बघत मी किती वेळ बसलो असेन, सांगता येत नाही. तोवर ते गृहस्थ मुलाकडे परदेशी गेले होते आणि माझ्याकडे पत्ता नव्हता.

म्हणून तुम्ही आधी एवढंच करा. इंजिनाचं नाक उजेडात धरा, तिरकं. दिव्याची जागा, घंटेची जागा, किंवा ती काढल्यावर बुजवलेल्या भोकांची खूण दिसते का बघा. रंगाखाली बुजवलेलं भोक सरळ पाहिलं तर दिसत नाही, पण तिरक्या उजेडात बारीक खळगा किंवा फुगवटा नक्की दिसतो. दुसरी तपासणी टेंडरच्या पोटाखाली, चाकांच्या मधे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे. नखाएवढ्या जागेवर पाण्याचा पॉलिश पेपर, १५०० नंबरचा, अगदी हलक्या हाताने फिरवा. रंगाचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकाबाहेर एक गोल दिसू लागतील. पितळ, मग अस्तर, मग लाल, एवढंच असेल तर इंजिन जन्मापासून लाल आहे. मधे निळं कडं दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा मला कळवा. कोरडं घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ नाकात जाता कामा नये.

जुने फोटो बघून रंग ठरवायचा मोह होईल, तोही आवरा. त्या काळात वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. तिच्यावर लाल इंजिन जवळपास काळं उमटतं आणि निळं इंजिन फिकट, राखाडी. तुमच्या जाणकारांनी एखादा फोटो दाखवून ‘बघा, गडद आहे, म्हणजे निळं’ असं म्हटलं असेल, तर ते नेमकं उलटं आहे.

आता थोडं शेजारच्या कंपनीबद्दल, कारण या सगळ्या रंगपंचमीची सुरुवात तिकडे झाली. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, म्हणजे एलएनईआर. जर्मनांनी १९३३ साली बर्लिन-हॅम्बुर्ग डिझेल गाडी सुरू केली आणि तिच्या वेगाने सगळ्या युरोपचे डोळे विस्फारले. एलएनईआरचे मुख्य अभियंते नायजेल ग्रेस्ली यांनी म्हटलं, हे आपण वाफेवर करून दाखवू. १९३५ मध्ये डॉनकास्टरला ‘ए-४’ वर्गाचं पहिलं इंजिन तयार झालं, २५०९, ‘सिल्व्हर लिंक’. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीचं रौप्यमहोत्सवी वर्ष म्हणून गाडीचं नाव ‘सिल्व्हर ज्युबिली’, आणि गाडी नाकापासून शेपटापर्यंत रुपेरी. २७ सप्टेंबरच्या चाचणीत तिने ताशी ११२.५ मैल गाठले, तेही एकदा नव्हे दोनदा. तीन दिवसांनी ती रोजच्या सेवेत आली, लंडन ते न्यूकॅसल चार तासांत.

मला विचाराल तर आजवरच्या सगळ्या इंजिन-रंगांत हा सर्वांत देखणा आणि सर्वांत खुळा. कोळशाच्या इंजिनाला रुपेरी रंग! अंगावर करड्याच्या तीन छटा: वर उजळ, खालच्या झालरीवर गडद, नाकावर कोळशासारखी. पांढरा झब्बा घालून चुलीपुढे बसण्यातला प्रकार. अशी इंजिनं फक्त चार होती, आणि १९३८ उजाडून मावळेपर्यंत चारही निळी झालेली होती. चार इंजिनं, जेमतेम तीन वर्षं. तरी आज ‘सिल्व्हर लिंक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तो रुपेरी चकाकाच येतो. तिने पुढची चोवीस-पंचवीस वर्षं निळ्या, काळ्या, हिरव्या रंगात घालवली, ती कुणाच्या ध्यानात नाहीत.

निळा आला १९३७ मध्ये, याही कंपनीच्या ‘कॉरोनेशन’ नावाच्याच गाडीसोबत. (दोन्ही कंपन्यांनी एकाच साली एकाच राज्याभिषेकाचं नाव घेतलं, त्यामुळे आजही लोकांचा घोळ होतो.) याला गार्टर ब्लू म्हणतात, इंग्लंडच्या गार्टर नावाच्या सरदारी मानाच्या निळ्या पट्ट्यावरून. चाकं गडद लाल. या गाडीसाठी राखलेल्या पाच इंजिनांना साम्राज्यातल्या देशांची नावं दिली होती: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि आपण. ४४९०, ‘एम्पायर ऑफ इंडिया’. त्यांच्यावरची अक्षरं आणि आकडे रंगाने काढलेले नव्हते, स्टेनलेस स्टीलचे कापून बसवलेले होते. गंमत अशी की १९४७ नंतरही ती पाटी कुणी उतरवली नाही. इंजिन १९६४ साली निवृत्त होऊन भंगारात जाईपर्यंत ‘एम्पायर ऑफ इंडिया’ स्कॉटलंडच्या रुळांवर धावत होतं. साम्राज्य सतरा वर्षं आधीच मोडीत निघालं होतं.

या ए-४ चं नाक रंगवणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत अवघड पेपर. पुढचा भाग काळा आणि मागचं अंग निळं, पण दोन्हींची सीमा कुठे? नेहमीच्या इंजिनाला धूरपेटी (धुरांड्याखालचा, धूर जमणारा पुढचा भाग) आणि बॉयलर यांच्यात सांधा असतो, रंग तिथे बदलतो. इथे सगळा पत्रा एकसंध वाहत गेलेला, सांधाच नाही. सुरुवातीला डॉनकास्टरवाल्यांनी सरळ उभी रेघ मारून पाहिली. ती गळ्यात पट्टा बांधल्यासारखी दिसायची. शेवटी जमलं ते एका वक्ररेषेने: वरून सुरू होऊन पुढे झुकत खाली उतरणारा पॅराबोला, काठाला लाल-पांढरी बारीक रेघ. आमच्यात असं सांगतात की ही वक्ररेषा वर्कशॉपला सापडली नव्हती. त्यांनी बॅसेट-लोक या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला विचारलं आणि उत्तर खेळण्यातल्या इंजिनावरून खऱ्या इंजिनावर गेलं. किस्सा शंभर टक्के खरा असो नसो, मॉडेलवाल्यांना तो सांगताना जी मिशीत हसू येतं ते खरं असतं.

ती रेघ मॉडेलवर काढताना टेप लावून भागत नाही. टेप सरळ पृष्ठभागावर सरळ चालते. गोल नाकावर ती स्वतःचा मार्ग शोधते आणि एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. मी पातळ कागदाचा एक साचा कापतो, डाव्या कुशीवर ठेवून पेन्सिलने रेघ घेतो, मग तोच साचा उलटा करून उजव्या कुशीवर. मग इंजिन आरशासमोर धरायचं. डोळा फसतो, आरसा फसत नाही. तुमच्या कॉरोनेशनच्या नाकावरचे पट्टे तपासायलाही हीच युक्ती: आरशात बघा, व्हीचं टोक बरोबर मध्यावर असेल तर काम करणारा हात मुरलेला होता.

‘मॅलार्ड’चं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर कुणी पुरं मानणार नाही, म्हणून घेतो. ए-४ पैकीच एक, ४४६८. ३ जुलै १९३८, स्टोकचा उतार, ताशी १२६ मैल. ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे. त्याआधी १९३६ मध्ये जर्मनीच्या ०५ ००२ क्रमांकाच्या किरमिजी इंजिनाने ताशी २००.४ किलोमीटर गाठले होते. मॅलार्डने त्याला थोडक्यात मागे टाकलं आणि तो विक्रम वाफेच्या इंजिनांत आजही उभा आहे. त्या धावेत मधल्या सिलिंडरचं बेअरिंग तापून गेलं, हेही सांगितलं पाहिजे.

२०१३ मध्ये त्या विक्रमाला ७५ वर्षं झाली म्हणून यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाने जगात शिल्लक असलेली सहाही ए-४ एकत्र आणली. दोन तर अमेरिका आणि कॅनडातून समुद्र ओलांडून आली. बायकोच्या भाषेत ‘एफडी मोडून’ मी गेलो होतो. फिरत्या चकतीभोवती सहा सारखी नाकं. तीन गार्टर निळी. एक, ‘सर नायजेल ग्रेस्ली’, राष्ट्रीयीकरणानंतरच्या ब्रिटिश रेल्वेच्या निळ्यात. दोन हिरवी. ते दोन निळे शेजारी-शेजारी पाहीपर्यंत मीही ते जवळपास एकच समजत होतो. शेजारी ठेवले की कळतं: एकात मोरपिसाची खोली आहे, दुसरा शाळेच्या गणवेशासारखा, स्वच्छ आणि जरा कोरडा. आणि हिरवी दोन, जी खरं तर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांब काळ दाखवत होती, त्यांच्यापुढे गर्दी सर्वांत कमी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६६ मध्ये शेवटचं ए-४ बंद होईपर्यंत हाच हिरवा होता.

त्याच संग्रहालयात तुमची डचेस ऑफ हॅमिल्टन उभी आहे, लाल-सोनेरी. तिचं हवा कापणारं गुळगुळीत आवरण मूळचं नाही. युद्धानंतर, १९४६ पासून १९४९ पर्यंत, एलएमएसच्या या सगळ्या इंजिनांचे झगे उतरवले गेले. हॅमिल्टन पुढे मुलांनी चढून खेळण्यासाठी एका समुद्रकिनारी सहल-छावणीत ठेवलेली होती, तिथून ती वाचली. २००९ मध्ये तिला पत्र्याचं नवं आवरण चढवलं. म्हणजे साठ वर्षांनी झगा परत. काही कट्टर लोकांना हे पटलं नाही, मला पटलं. तो आकार पुढून, आठ-दहा फुटांवरून पाहिल्याशिवाय त्या पट्ट्यांचा अर्थच लागत नाही. फोटोत ते सजावट वाटतात. समोर उभं राहिलं की ते पट्टे नाकावरून सुटून तुमच्या दोन्ही कानांजवळून निघून गेल्यासारखे वाटतात, इंजिन जागचं हललेलं नसताना.

झगे का उतरवले? कारण फिटर लोकांना ते नकोसे होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी साठ मैलांच्या आत आवरणाचा फायदा नगण्य, नव्वदच्या पुढे तो खरोखर जाणवतो. युद्धात आणि युद्धानंतर नव्वद कुणी गाठतच नव्हतं. मग उरला तो जड पत्रा आणि रोजची कटकट: तेल द्यायचं तर आधी झडप उघडा, धूरपेटी साफ करायची तर आधी नाक उघडा. ए-४ चं नाक हँडल फिरवून माशाच्या जबड्यासारखं वर उघडायचं, ते त्यातल्या त्यात बरं. तरी तिच्या चाकांवरची झालर युद्धात काढली ती सेवेत असेपर्यंत परत लावली नाही. ए-४ चा वेगही नुसत्या नाकात नव्हता. ग्रेस्लींनी फ्रान्सचे अभियंते शॅपलाँ यांच्याकडून धडा घेऊन वाफेचे आतले मार्ग रुंद आणि गुळगुळीत केले, आणि मॅलार्डला दुहेरी धुरांडं दिलं. खरी स्ट्रीमलाइन, म्हणजे प्रवाहाला न अडवणारी घडण, आत होती. बाहेरची होती प्रवाशांसाठी, वर्तमानपत्रांसाठी, आणि शेजारच्या कंपनीला जळवण्यासाठी.

त्या जळवण्यातून एकदा मोठा अनर्थ होता होता राहिला. २९ जून १९३७ रोजी पत्रकारांना घेऊन निघालेल्या निळ्या कॉरोनेशनने क्रू स्टेशनाच्या अगदी तोंडाशी ताशी ११४ मैल गाठले. ब्रेक लावूनही ताशी वीसची मर्यादा असलेल्या सांध्यांवरून गाडी पन्नासच्या वर वेगाने गेली. गाडी रुळांवर राहिली, भोजनाच्या डब्यातली काचभांडी मात्र राहिली नाहीत.

अमेरिकेच्या रंगांवर मी बोलायला लागलो तर रात्र होईल. साउदर्न पॅसिफिक कंपनीचं लाल-नारिंगी-काळं ४४४९ इंजिन तेवढं एकदा चलत्चित्रात बघा. तो रंग कॅलिफोर्नियाच्या उन्हात शोभतो, इंग्लंडच्या धुक्यात तो सर्कशीसारखा दिसला असता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. न पाहिलेल्या इंजिनांसाठी जीव का तुटतो, हे मला नेमकं माहीत नाही, पण माझ्यापुरतं सांगतो. मी लहानपणी दौंडला आजोळी जायचो. तिथे डब्ल्यूपी इंजिनं यायची. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने पहिली सोळा बनवली, मग कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी आपलं चित्तरंजन, एकूण ७५५. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं नाक आणि त्यावर रुपेरी तारा. आम्ही पोरं त्याला ‘नाकाडं’ म्हणायचो. त्या नाकाने हवा कापण्याचा काही संबंध नव्हता, ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर धावणाऱ्या इंजिनाला ते कशाला हवं? पण तीसच्या दशकातली इंग्लंड-अमेरिकेची ती सगळी ऐट त्या एका नाकात उरून आमच्या फलाटावर येत होती. संबंध नुसता दिसण्यापुरताही नाही. १९३७ मध्ये बिहारमध्ये बिहट्याला ‘एक्सबी’ वर्गाच्या इंजिनाची गाडी घसरून शंभरावर माणसं गेली, त्यानंतर त्या इंजिनांचा अभ्यास करायला जी समिती आली तिच्यात तुमच्या कॉरोनेशनचे स्टॅनियर स्वतः होते. त्या अभ्यासातले धडे डब्ल्यूपीच्या आराखड्यात उतरले.

डब्ल्यूपीला कुणी ‘गार्टर ब्लू’ दिला नाही. काळा, कधी हिरवा, त्यावर काजळी. पण ताऱ्याला मात्र शेडमधली माणसं ॲल्युमिनियमचा रंग देत, कुणी त्याच्या पाकळ्यांना लाल कड काढी, आणि त्यावरून आम्ही इंजिन ओळखत असू. कंपनीने पाठवलेला रंग आणि शेडमधल्या हाताने दिलेला रंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा जीव दुसरीत जास्त अडकतो, म्हणूनच तुमच्या त्या अनामिक मॉडेलवाल्याचा रंग पुसायला मी इतका विरोध करतोय.

आणि रंगाची ऐट आपल्याकडे नव्हती असंही समजू नका. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी, शेंदरी-लाल किनारीचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. इंजिन विजेचं होतं, पण रंग बघा: रुपेरी, निळा, लाल, सोनेरी. सिल्व्हर ज्युबिलीच्या पाच वर्षं आधी आणि तुमच्या कॉरोनेशनच्या सात वर्षं आधी हे चार रंग खंडाळ्याचा घाट चढत होते.

तुमच्या इंजिनाला करायचं ते इतकंच. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, पट्ट्यांच्या दिशेने. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. हा किरमिजी ‘लेक’ जातीचा रंग असेल, तर तो पारदर्शक असतो आणि त्याची खोली खालच्या तपकिरी अस्तरातून येते. वरचा थर जरा जरी निघाला तर तिथे विटकरी डाग पडतो आणि तो कुठल्याही नव्या डबीतल्या लालने जुळत नाही. सोनेरी पट्टे हिरवट पडले असतील तर ते ब्राँझ पावडरचे आहेत. त्यांना हात लावू नका, ते वय आहे. ट्यूबलाइटखाली रंग जांभळा वाटेल, घाबरू नका, सकाळच्या उन्हात खिडकीशी नेऊन बघा.

नाकाचे दोन फोटो काढून पाठवा, एक समोरून, एक तिरक्या उजेडात. घंटेची भोकं सापडली तर त्यांच्यातलं अंतरही मोजा. माझ्या ड्रॉवरमधल्या घंटेच्या दोन खुंट्यांमध्ये साडेचार मिलिमीटर आहेत. जुळलं तर टपालखर्च माझा.